बाथरूममध्ये मोठ्या मापाच्या टाइल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आमची बहुतेक कामं पुण्यातल्या आणि आसपासच्या सोसायट्यांमधली बाथरूम्स नव्याने करण्याची असतात. पूर्वी लोक रंग विचारायचे, आता माप विचारतात. व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. एखादा मुद्दा दोन ठिकाणी लागत असेल तर तो एकाच उत्तरात आहे, दुसरीकडे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मोठी टाइल म्हणजे नेमकी केवढी? दुकानात दोन बाय चारलाही मोठी म्हणतात आणि चार बाय आठलाही.

दोन्ही मोठ्याच, पण काम पूर्ण वेगळं. दोन बाय चार म्हणजे ६०० बाय १२०० मिमी. गुजरातमधल्या मोरबीतून येणाऱ्या मालात हे आता अगदी रोजचं माप झालंय. ९ मिमी जाडीची एक टाइल साधारण १५ किलोची असते आणि एक माणूस ती हाताळू शकतो. पुढची पायरी ८०० बाय १६०० ची. ती सुमारे २७ किलोची, म्हणजे दोन माणसं हवीत. त्यापुढे चार बाय आठ, १२०० बाय २४०० मिमी. हिला दुकानदार ‘स्लॅब’ म्हणतात. ९ मिमी जाडीत ती ६० किलोच्या आसपास जाते आणि ६ मिमीत ४० किलोच्या. स्लॅबला तीन-चार माणसं, सक्शन कप लावलेली फ्रेम आणि कटिंगसाठी लांब टेबल लागतं.

या पानावर ‘मोठी टाइल’ म्हटलं की दोन बाय चारपासून पुढचं सगळं. ‘स्लॅब’ म्हटलं की फक्त चार बाय आठ.

२. १५ मिमी जाडीचे स्लॅबही मिळतात. जाड म्हणजे मजबूत, तेच भिंतीला लावू का?

नको. ते किचन ओट्यासाठी असतात. भिंतीवर फक्त वजन वाढेल. भिंतीसाठी ६ ते ९ मिमी पुरते. ६ मिमीचा स्लॅब वजनाला हलका, पण उचलताना लवतो आणि मागे पोकळी राहिली की लवकर तडकतो. पहिल्यांदाच स्लॅबचं काम करणारा मिस्त्री असेल तर ९ मिमी घ्या.

३. आमचं बाथरूम साडेचार बाय सात फुटांचं आहे. एवढ्याशा जागेत मोठी टाइल विचित्र दिसेल का?

दिसणार नाही, उलट जोड कमी झाल्याने जागा मोकळी वाटते. विचित्र दिसते ती कोपऱ्यातली बोटभर पट्टी, आणि ती नको असेल तर हिशोब आधी कागदावर करावा लागतो.

तुमचंच बाथरूम घेऊ. भिंती १३७० आणि २१३० मिमी, फॉल्स सीलिंगपर्यंतची उंची २४००, दार ७५० रुंद. स्लॅब लावायचे ठरवले तर लांब भिंतीवर १२०० अधिक ९३० चा तुकडा, म्हणजे दोन लांब भिंतींना चार स्लॅब. समोरच्या आखूड भिंतीवर १२०० अधिक १७० ची पट्टी. ही पट्टी लांब भिंतीच्या उरलेल्या २७० मधून निघते. दाराच्या भिंतीला ६२० चा तुकडा. एकूण सहा स्लॅब. दारावरचा तुकडा उरलेल्यातून काढला तर तो आडवा करावा लागतो आणि मार्बलच्या रेघा उभ्याच्या आडव्या होतात. घरात शिरताना कुणाच्या लक्षात येत नाही, पण आंघोळ करणारा रोज दाराकडे तोंड करूनच उभा असतो.

आता तेच दोन बाय चारमध्ये बघा. आखूड भिंतीवर मध्ये एक पूर्ण ६०० आणि दोन्ही बाजूंना ३८५. लांब भिंतीवर मध्ये दोन पूर्ण आणि दोन्हीकडे ४६५. सगळं समतोल, कुठेही चिंचोळी पट्टी नाही, आणि उंचीला बरोबर दोन टाइल्स बसतात. या मापाच्या बाथरूमला माझं मत दोन बाय चारच्याच बाजूने जातं. स्लॅबची खरी मजा आठ-दहा फूट सलग भिंत मिळाली तरच, किंवा बुकमॅच (शेजारच्या दोन टाइल्सच्या रेघा उघड्या पुस्तकाच्या पानांसारख्या जुळवणं) करायचं असेल तर.

४. किती टाइल्स मागवू? दुकानदार म्हणतो दहा टक्के जास्त घ्या.

टक्क्यांचा हिशोब एक बाय एकच्या जमान्यातला आहे. मोठ्या टाइलमध्ये नग मोजा. वरच्या उदाहरणात भिंतींचं निव्वळ क्षेत्र १५.२ चौरस मीटर आणि सहा स्लॅबचं १७.३, म्हणजे कागदावर दोन चौरस मीटर शिल्लक. प्रत्यक्षात तो सगळा चिंचोळा तुकडा-तुकडा असतो. त्यातला एक स्लॅब कापताना तडकला तर शिल्लक मालातून काहीच भरून निघत नाही. म्हणून सहाला सात मागवा. दोन बाय चारच्या पेटीत बहुधा दोनच टाइल्स येतात, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. तिथे निघालेल्या संख्येवर दोन पेट्या जादा पुरतात.

सगळ्या पेट्यांवरचा शेड नंबर आणि बॅच नंबर एकच आहे ना, हे टेम्पो जायच्या आधी बघा. आणि काम संपल्यावर एक-दोन टाइल्स माळ्यावर जपून ठेवा. पाच वर्षांनी तेच डिझाइन मिळेल अशी आशा धरू नका.

५. चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे. चार बाय आठचा स्लॅब चढेल का?

लिफ्टमधून नाही. नेहमीच्या सोसायटीच्या लिफ्टची आतली उंचीच स्लॅबच्या लांबीपेक्षा कमी असते आणि आत तिरका करायला जागा नसते. राहिला जिना. आठ बाय चारचा अखंड प्लायवूड तुमच्या घरी कधी आला होता का, ते सुताराला विचारा. माप जवळपास तेच आहे. प्लाय वळणावर वर करून, कठड्यावरून झुकवून काढता येतो, शिवाय तो थोडा वाकतो. स्लॅबकडून तशी माफी नाही. तेव्हा प्लाय आरामात चढला असेल तरच विचार करा.

आमचा पहिला स्लॅब तिसऱ्या मजल्याच्या वळणावर गेला. पडला वगैरे नाही. खालच्या पोराने वळताना कोपरा पायरीवर अलगद टेकवला, एवढंच. ‘टक्’ असा आवाज आला आणि बघता बघता एक केसासारखी रेघ तिरकी वरपर्यंत धावली. तेव्हापासून वळणावर आम्ही जुनी गादी टाकतो आणि कोपरा टेकवायचाच नाही असं आधी बजावतो.

८०० बाय १६०० लिफ्टमध्ये उभी मावते. तेही आधी टेपने मोजा, आणि वॉचमनला सांगून लिफ्टला आतून पुठ्ठा लावा, नाहीतर ओरखड्यांचं बिल येतं.

६. भिंत किती सरळ हवी? बिल्डरचं प्लास्टर चांगलं आहे.

सगळं काम इथेच ठरतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक बाय एकची टाइल भिंतीच्या पोटाबरोबर थोडी थोडी वळत जाते. डोळ्याला कळतही नाही. चार फुटांची टाइल वळत नाही. भिंतीत मध्ये पोट असेल तर टाइल त्यावर डुगडुगते. मध्ये खड्डा असेल तर मागे पोकळी राहते. दोन्हींत कडा वरखाली होतात, आणि आरशावरचा दिवा लागला की प्रत्येक कडेची सावली पडते.

मोठ्या टाइलसाठी मान्य मर्यादा ३ मीटरला ३ मिमी. घरी तपासायला मिस्त्रीची ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, दोन मीटरची चालेल. भिंतीवर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर धरा. पट्टीमागून बँकेचं कार्ड सरकवून बघा. एक कार्ड पाऊण मिलीमीटरचं असतं. दोन कार्डं अडकली तर ठीक, चार सहज आत गेली तर प्लास्टर दुरुस्त करायचं. दुसरी युक्ती रात्रीची. मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून बाजूने प्रकाश टाका. दिवसा गुळगुळीत दिसणारी भिंत माळरानासारखी दिसते.

मग ओळंबा (भिंत बरोबर उभी आहे का) आणि गुण्या (कोपरा काटकोनात आहे का). भिंत सपाट आहे पण ओळंब्यात नाही, असं अनेकदा निघतं. आठ फुटांत १० मिमी बाहेर असेल तर कोपऱ्यातला तुकडा खाली १७० आणि वर १८० कापावा लागतो. कोपरा गुण्यात नसेल तर जमिनीची शेवटची टाइल पाचरीसारखी निघते.

बिल्डरचं प्लास्टर ‘चांगलं’ असतं म्हणजे रंग लावण्याइतकं चांगलं असतं. आमच्या अनुभवात दहातल्या आठ बाथरूम्सना टाइलआधी पुन्हा प्लास्टर करावं लागतं. त्याचे तीन-चार दिवस आणि वाळायला लागणारे दिवस वेळापत्रकात धरा. मिस्त्री म्हणेल, ‘ॲडहेसिव्हमध्ये काढून घेतो साहेब.’ काढू देऊ नका. ॲडहेसिव्ह चिकटवायला असतं, खड्डे भरायला नाही. जाड थर सुकताना आकसतो आणि सकाळी लेव्हलमध्ये असलेली टाइल संध्याकाळी आत गेलेली दिसते.

७. सिमेंटच्या मालात बसवल्या तर काय होतं? आमचे मिस्त्री वीस वर्षं तसंच करताहेत.

वीस वर्षांपूर्वीची सिरॅमिक टाइल मागून पाणी पीत असे. म्हणून तर ती रात्रभर हौदात भिजत घालायचे. पाण्याबरोबर सिमेंट तिच्या छिद्रांत शिरून पकड घ्यायचं. आताची मोठी टाइल व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली असते. ती अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, त्यामुळे सिमेंटला धरायला जागाच नाही. सुरुवातीला चिकटल्यासारखी वाटते. पुढे गरम पाण्याने टाइल फुगते-आकसते, भिंत आपल्या गतीने हलते, आणि एक दिवस टाइल सुटते. एक बाय एकची सुटली तर बादली फुटेल. १५ किंवा २७ किलोची सुटली तर काय होईल ते सांगायला नको.

जमिनीवर जाड मालात व्हिट्रिफाइड बसवण्याची पद्धत अजून बरीच चालते आणि नीट केली तर टिकते. भिंतीवर मात्र मोठी टाइल ॲडहेसिव्हशिवाय नाही. याबाबत आम्ही घासाघीस करत नाही, काम सोडतो.

८. ॲडहेसिव्हच्या पिशव्यांवर टाइप २, सी२टीई, एस१ असं काय काय लिहिलेलं असतं. कोणती घ्यायची?

दोन वेगवेगळ्या पद्धतींची नावं आहेत. ‘टाइप’ भारतीय मानकातला, आयएस १५४७७ मधला. टाइप १ साध्या सिरॅमिकसाठी, व्हिट्रिफाइडला टाइप २ आणि त्यापुढचे. सी२टीई ही युरोपीय पद्धत. सी म्हणजे सिमेंटचं, २ म्हणजे वरच्या दर्जाची पकड, टी म्हणजे उभ्या भिंतीवर टाइल खाली घसरत नाही, ई म्हणजे थापल्यावर टाइल लावायला जास्त वेळ मिळतो. एस१, एस२ म्हणजे सुकल्यावरही थोडं लवचीक राहतं, एस२ सगळ्यात जास्त.

दोन बाय चारला सी२टीई पुरतं. ८०० बाय १६०० आणि स्लॅबला सी२टीई एस१ घ्या. जुन्या टाइलवर किंवा बोर्डावर लावताना कोणत्याही मापाला एस१ बरं. आणि खप जास्त धरा. मोठ्या टाइलला भिंतीवर आणि टाइलवर दोन्हीकडे लावायचं असल्याने २० किलोची पिशवी आमच्याकडे २५ चौरस फुटांच्या आसपासच पुरते. पिशवीवर छापलेला मोठा आकडा पातळ थराचा असतो.

९. मला त्यातलं काही कळत नाही. मिस्त्री काम करताना मी नेमकं काय बघू?

पाच मिनिटं उभे राहा, एवढ्या गोष्टी दिसतील.

ॲडहेसिव्ह मिक्सरने कालवलेलं, मऊ लोण्यासारखं असावं. घट्ट झालं म्हणून कुणी त्यात वरून पाणी ओतत असेल तर ती बादली फेकायला सांगा. भिंतीवर आधी सपाट बाजूने दाबून एक पातळ थर, मग दातेरी थापीने सरळ रेघा. दाते १० ते १२ मिमीचे. रेघा सरळच हव्यात, कोयरीसारख्या गोल फिरवलेल्या नकोत. गोल रेघांत हवा अडकते, सरळ रेघांतून ती कडेने निघून जाते. रेघा टाइलच्या आखूड बाजूला समांतर असल्या म्हणजे हवेला कमी अंतर कापावं लागतं. टाइलच्या पाठीवरची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसून तिथेही थर द्यायचा.

मग बोट लावून बघा. भिंतीवरचं ॲडहेसिव्ह बोटाला लागलं तर ठीक. बोट कोरडं आलं तर वर साय धरली आहे, खरवडून नव्याने लावायचं. एप्रिल-मेमध्ये खिडकी उघडी असली की पिशवीवर लिहिलेल्या वेळेच्या कितीतरी आधी साय धरते.

शेवटची गोष्ट मिस्त्रीला आवडत नाही, तरी करायला लावा. पहिली टाइल बसवल्यावर लगेच सक्शन कपने काढायला सांगा. पाठ पूर्ण माखलेली दिसली पाहिजे, ओल्या जागेत ९५ टक्क्यांच्या खाली नको, आणि चारही कोपरे भरलेले हवेत. लाडूसारखे पाच गोळे दिसले तर काम तिथेच थांबवा. गोळ्यांमधल्या पोकळीत पाणी साचतं, आणि नंतर कुणी टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारला की टाइल तिथेच फुटते.

१०. जुन्या टाइल्स न फोडता वरून मोठ्या टाइल्स लावता येतील? धूळ नकोय.

येतील, पण जुन्या टाइल्स घट्ट असतील तरच. किल्लीने प्रत्येक टाइल वाजवा. चार-दोन पोकळ निघाल्या तर तेवढ्या काढून भरा. जागोजागी पोकळ वाजत असेल तर नवं वजन जुन्या सैल टाइलवर टांगणं आहे, तेव्हा फोडाच. घट्ट असतील तर साबणाचा थर धुऊन काढायचा, गुळगुळीत पृष्ठासाठीचा प्रायमर लावायचा आणि एस१ ॲडहेसिव्ह वापरायचं. सपाटपणाचा नियम (प्रश्न ६) इथेही तोच.

प्रत्येक भिंत १५ मिमीने जाड होते. त्यामुळे दाराची चौकट आत बुडते, कमोड भिंतीला अडतो, नळाचे स्पिंडल (चावी बसते ते दांडे) आखूड पडतात. आणि खालच्या फ्लॅटमध्ये गळती असेल तर वरून टाइल लावणं म्हणजे आजार झाकणं, त्यासाठी प्रश्न १६ वाचा.

११. जमिनीवर पण तीच मोठी टाइल लावू का?

कोरड्या भागात लावा, शॉवरखाली विचार करून. बाथरूमच्या जमिनीला ढाळ लागतो, १०० ला १ किंवा जरा जास्त, म्हणजे दोन मीटरला २० ते २५ मिमी. नहाणी ट्रॅप (पाणी वाहून जाण्याचं तोंड) मधोमध किंवा कोपऱ्यात असेल तर ढाळ तीन-चार बाजूंनी येतो. कडक सपाट टाइल एकाच दिशेला कलू शकते. चारी बाजूंनी उतरवायची तर पाकिटाच्या पाठीसारखी तिरकी कापावी लागते. मग एवढी मोठी टाइल घेऊन उपयोग काय?

त्यावर दोन मार्ग आहेत. भिंतीलगत लांब पट्टीसारखी जाळी बसवा, म्हणजे सगळा ढाळ एकाच दिशेला आणि टाइल अखंड. पण त्यासाठी खालचं पाइपिंग बदलायची तयारी हवी. दुसरा सोपा मार्ग म्हणजे भिंतीला मोठी टाइल आणि शॉवरखाली एक बाय एक किंवा त्याहून लहान, त्याच रंगाची मॅट टाइल. आम्ही बहुतेकांना हाच सुचवतो.

ढाळ झाला की टाइल पक्की व्हायच्या आत मगभर पाणी ओतून बघा. पाणी रेंगाळलं तर त्याच दिवशी दुरुस्त होतं, नंतर वर्षानुवर्षं वायपर मारत बसावं लागतं.

१२. ग्लॉसी टाइल फारच सुंदर दिसते. जमिनीला चालेल का? आई-बाबा सोबत राहतात.

नाही. आई-बाबा नसते तरी नाहीच म्हटलं असतं. टाइलच्या माहितीपत्रकात आर ९ ते आर १३ असा घसरणीचा दर्जा असतो. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. बाथरूमला निदान आर १०, शॉवरखाली आर ११. पण ती चाचणी बूट घालून होते. अनवाणी पायासाठी ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी आहे. पत्रकात ती दिलेली असेल तर शॉवरला बी किंवा सी बघा.

लहान टाइलमध्ये दर काही इंचांवर जोडात भरलेल्या ग्राउटची रेघ पायाला अडते. मोठ्या टाइलमध्ये ती अडकाठी नसते, म्हणून पृष्ठभाग स्वतः खरबरीत हवा. दुकानातच टाइलवर पाणी आणि थोडं शाम्पू टाकून अनवाणी पाय फिरवा. सेल्समन हसला तर हसू दे.

१३. आम्हाला जॉइंटच नको. टाइलला टाइल चिकटवून लावता येत नाही का?

लावणारे लावतात. आम्ही लावत नाही. टाइल गरम झाली की किंचित वाढते, भिंतही हलते. जागा नसेल तर कडा एकमेकींना दाबतात आणि चकाकीच्या टिकल्या उडतात, किंवा टाइल फुगून सुटते. शिवाय प्रत्येक टाइल केसभर कमी-जास्त असते, ती चूक लपवायला रेघ लागते. किमान २ मिमी ठेवा, टाइलच्या रंगाचा एपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी रेझिनचा) भरा. चार फुटांवरून ती दिसत नाही.

दोन भिंती जिथे मिळतात आणि भिंत जमिनीला मिळते त्या कोपऱ्यात ग्राउटऐवजी सॅनिटरी सिलिकॉन भरा. हालचाल सगळ्यात जास्त तिथेच असते.

विटेसारखी आलटून-पालटून मांडणी हवी असेल तर अर्ध्यावर सरकवू नका. लांब टाइल मधोमध किंचित फुगीर असते. शेजारणीची कड बरोबर त्या फुगवट्याशी आली की वरखाली दिसतेच. एक तृतीयांशपर्यंतच सरकवा. लेव्हलिंग क्लिप आणि पाचरी मदत करतात, पण मुळात वाकडी टाइल किंवा वाकडी भिंत त्या सरळ करत नाहीत.

१४. खिडकीच्या आणि कोनाड्याच्या कडा ४५ अंशांत घासून जोडू की पट्टी लावू?

४५ चा जोड देखणा दिसतो, पण टाइलची धार पातळ होते आणि बादली लागली की टवका उडतो. वर कुणाचा हात-पाय लागत नाही तिथे ४५ करा, टोकाला मिलीमीटरभर धार मोडून. कमरेखाली स्टील किंवा ॲल्युमिनियमची पट्टी बरी. टाइलच्या पाठीचा रंग वेगळा असेल तर ४५ मध्ये तो रेघेसारखा डोकावतो, ते नमुन्यावर आधी बघून घ्या.

१५. नळाचं भोक पाडताना टाइलला तडा गेला. माल खराब होता का?

बहुधा माल नाही, पद्धत. ग्राइंडरने चौकोनी खाच मारली की तिच्या टोकदार आतल्या कोपऱ्यातून तडा निघतो. कधी लगेच, कधी आठवड्याने. गोल भोकासाठी डायमंड कोअर बिट वापरायचं, हॅमर बंद ठेवून आणि पाणी सोडत. दाराजवळ किंवा बोर्डासाठी ‘एल’ आकार कापायचा असेल तर आधी आतल्या कोपऱ्यात ८-१० मिमीचं गोल भोक पाडायचं आणि काप त्या भोकात येऊन थांबवायचा. तडा गेलेली टाइल ‘ग्राउट भरून घेतो’ म्हणून लावू देऊ नका.

डायव्हर्टर (शॉवर किंवा नळाकडे पाणी वळवणारा), अँगल कॉक, गीझर पॉइंट सगळे आधी कागदावर मांडा आणि शक्यतो जोडापासून दूर, टाइलच्या पोटात येतील असे ठेवा. कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेल्या डायव्हर्टरची बॉडी बसवायच्या आधी प्लंबरला टाइल आणि ॲडहेसिव्हची एकूण जाडी सांगा. बॉडीवरच्या प्लास्टिकच्या टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात. तयार भिंत त्या दोन खुणांच्या मध्ये आली पाहिजे. ही चूक टाइल लागल्यावर कळते आणि तेव्हा ती टाइल फोडूनच सुधारते.

कापणं पाण्याखालीच करायला सांगा. कोरड्या ग्राइंडरची पांढरी धूळ म्हणजे सिलिका, तिने फुप्फुसं कायमची खराब होतात. कामावरच्या पोरांना निदान एन९५ मास्क तरी द्या. ती मागणार नाहीत.

१६. टाइलमधून पाणी जात नाही, जोडही कमी. मग वॉटरप्रूफिंग कशाला?

पाणी टाइलमधून जात नाही, पण नहाणीच्या कडेने, कोपऱ्यातून आणि पाइपांच्या बाजूने जातं. जोड कितीही कमी केले तरी या जागा तशाच राहतात. संकन स्लॅब (बाथरूमखाली खोलगट ठेवून भराव घातलेलं काँक्रीट) असेल तर हे पाणी खाली भरावात जाऊन साठतं आणि खालच्यांच्या छताला डाग पडल्यावरच तुम्हाला कळतं. जमीन, आणि भिंतीला शॉवरच्या उंचीपर्यंत लेप हवा, कोपऱ्यांत जाळीची पट्टी हवी. मग नहाणी बंद करून पाणी भरून ठेवा, निदान ४८ तास. खालच्या शेजाऱ्यांना रोज एकदा छत बघायला सांगा. फोटो काढून ठेवा, पुढे वाद झाला तर उपयोगी पडतात.

लेपावर टाइल चिकटणार आहे, तेव्हा दोन्ही एकमेकांना चालणारे आहेत ना, हे पिशवी-डबा घेतानाच विचारा.

१७. नवा फ्लॅट आहे. बिल्डरच्या टाइल्स काढून लगेच मोठ्या लावल्या तर वॉरंटीचं काय?

२०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवला तर बिल्डरने ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. पण तुम्ही जमीन फोडलीत की पुढची गळती तुमच्या कामामुळे झाली, असं बिल्डर म्हणणारच. बाथरूम कोरडं असेल आणि फक्त रूप बदलायचं असेल तर जमीन तशीच ठेवा आणि भिंतीवर प्रश्न १० प्रमाणे वरून लावा. जमीन फोडायचीच असेल तर आधीच्या स्थितीचे तारखेसह फोटो आणि सोसायटीची लेखी परवानगी घेऊन ठेवा.

१८. आमची भिंत वेगळी आहे: मायव्हान / सायपोरेक्स / जिप्सम बोर्ड. काही फरक पडतो?

मायव्हानची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली काँक्रीट भिंत सपाट असते, ही चांगली बातमी. पण शटरिंगच्या तेलामुळे गुळगुळीत असते, म्हणून घासून, टोचे मारून, प्रायमर लावल्याशिवाय लावू नका. सायपोरेक्सवर (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकवर) थेट नको, आधी जाळी आणि प्लास्टर, विशेषतः ब्लॉक आणि कॉलम मिळतात तिथे. साधा जिप्सम बोर्ड किंवा भिंतीवरचं जिप्सम प्लास्टर ओल्या जागेत मोठ्या टाइलखाली नकोच. सिमेंट बोर्ड घ्या आणि मागचे चॅनेल जवळजवळ ठेवा.

१९. काम झाल्यावर बाथरूम कधी वापरता येईल?

टाइल पाणी शोषत नसल्याने ॲडहेसिव्हमधली ओल फक्त जोडांतून बाहेर पडते, आणि मोठ्या टाइलला जोडच कमी. म्हणून ग्राउटला एक दिवसाऐवजी दोन दिवस थांबतो. पावसाळ्यात तीन. एपॉक्सी भरल्यावर शॉवर एक आठवड्याने. घरात दुसरं बाथरूम नसेल तर शेजाऱ्यांशी आत्तापासून गोड बोलायला लागा.

२०. एक टाइल कोपऱ्यात पोकळ वाजतेय. बदलावी का?

जमिनीवर, एका कोपऱ्यात, तळहाताएवढंच असेल आणि हलत नसेल तर राहू द्या. पेन्सिलने खूण करून सहा महिन्यांनी पुन्हा वाजवा, भाग वाढला असेल तर बदला. भिंतीवर डोक्याच्या वर पोकळ असेल तर वाट बघू नका. बदलताना चारी बाजूंचा ग्राउट आधी कापून काढायचा आणि टाइल मधून फोडत कडेकडे यायचं, नाहीतर शेजारच्याही जातात.

२१. मजुरी कशी ठरवू?

चौरस फुटाचा एकच दर ठरवलात तर भांडण ठरलेलं. प्लास्टर दुरुस्ती, टाइल लावणं, ४५ चं घासणं (रनिंग फुटावर), भोकं (नगावर) आणि एपॉक्सी वेगवेगळं लिहून घ्या. स्लॅब असतील तर जिन्याने चढवण्याची हमाली कुणाकडे आणि तुटला तर नुकसान कुणाचं, हेही लिहा. आमचा नियम असा की गेटपर्यंत दुकानदाराचा, गेटपासून भिंतीपर्यंत आमचा.

२२. बोअरचं पाणी आहे. मोठ्या काळ्या टाइलवर पांढरे डाग पडतात, ॲसिड मारू का?

ॲसिडने टाइलला सहसा काही होत नाही, पण सिमेंटचा ग्राउट खाल्ला जातो आणि नळांचं क्रोम काळवंडतं. पाण्यात अर्धं व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवा, पुसा, साध्या पाण्याने धुवा. काम संपल्या संपल्या जो तेलकट पांढरा थर दिसतो तो क्षारांचा नसून एपॉक्सीचा असतो. तो त्याच दिवशी निघाला तर निघाला. वाळल्यावर एपॉक्सीसाठीचा खास क्लीनरच लागतो. आणि टाइल अजून घेतली नसेल तर बोअरच्या पाण्याला काळी मोठी टाइल घेऊच नका, फिकट राखाडी घ्या.